ओळखीचे एक मिनिट
शस्त्रक्रियेपूर्वी नाव सांगण्याच्या प्रथेविषयी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात नवी यंत्रसामग्री, खाटांची संख्या, शस्त्रक्रियांचा तपशील आणि जमाखर्च यांना स्वाभाविकच अग्रस्थान असते. देणगीदारांनी विश्वासाने सोपविलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु रुग्णसेवेचे काही भाग असे असतात की त्यांची पावती फाडता येत नाही आणि त्यांच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही लावता येत नाही. शस्त्रक्रियेस आरंभ करण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व आपले काम मोठ्याने सांगणे, हा त्यांपैकीच एक भाग होय.

नव्याने रुजू झालेल्या परिचारिका, निवासी डॉक्टर, तंत्रज्ञ, कक्षसेवक आणि सफाई कर्मचारी यांना एकत्र बसवून आम्ही ओळखीचे काही उपक्रम घेतो. बाहेरून पाहणाऱ्यास ते शाळेतील खेळासारखे भासतात. ‘बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना हा वेळ कशासाठी?’ असा प्रश्न विश्वस्तांच्या किंवा रुग्णाच्या आप्तांच्या मनात येणे साहजिक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर या लेखात देत आहोत.

रोज नव्याने जमणारा संघ

रुग्णालयात काम करणारी माणसे एकमेकांना चांगली ओळखतच असणार, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती तशी नसते. परिचारिकांच्या तीन पाळ्या असतात व त्या बदलत राहतात. निवासी डॉक्टर ठरावीक काळानंतर एका विभागातून दुसऱ्या विभागात जातात. धर्मादाय रुग्णालयांत अनेक तज्ज्ञ मानद सेवा देतात आणि आठवड्यातील ठरलेल्या दिवशीच येतात. भूलतज्ज्ञ सकाळी एका रुग्णालयात, तर दुपारी दुसऱ्या रुग्णालयात असू शकतात. परिणामी रात्री अपघाताचा रुग्ण शस्त्रक्रियागृहात आणला जातो तेव्हा त्याच्याभोवती उभ्या असलेल्या सहा-सात जणांनी या जुळणीत यापूर्वी कधीच एकत्र काम केलेले नसते, असे सहज घडते.

गावातील भजनी मंडळाचे उदाहरण घ्यावे. वर्षानुवर्षे एकत्र बसणाऱ्या पखवाजवादकाला बुवा कोठे थांबणार आणि कोठे उचलणार, हे नजरेवरूनच कळते. शस्त्रक्रियागृहातील संघाला असा सहवास लाभत नाही. त्याला पहिल्या क्षणापासून तालात असावे लागते. शिवाय टोपी आणि मुखपट्टी यांमुळे चेहरेही ओळखू येत नाहीत. सहवासातून सावकाश येणारा विश्वास काही अंशी तरी लवकर कसा आणावा, हाच येथे खरा प्रश्न आहे.

विमानचालकांनी घेतलेला धडा

या प्रश्नाचा विचार प्रथम वैद्यकशास्त्राने केला नाही. तो विमानवाहतुकीने केला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ येथील विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ जण मृत्युमुखी पडले. उड्डाण घेणाऱ्या विमानाचे कॅप्टन अत्यंत अनुभवी व कंपनीतील ज्येष्ठांपैकी होते. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखविली होती. कॅप्टननी ती ठामपणे झटकली आणि पुन्हा कोणी आग्रह धरला नाही. त्या विमानात शंका घेणारा माणूस होता, परंतु ती लावून धरण्याइतकी भीड चेपलेली नव्हती.

यानंतर १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि पुढे जगभरातील वैमानिकांना संघभावनेचे व संवादाचे शिक्षण देण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील परिवहन सुरक्षा मंडळाने १९७८ ते १९९० या काळातील ३७ मोठ्या अपघातांचा अभ्यास करून १९९४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ज्या अपघातांत ही माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी ७३ टक्के अपघात त्या चमूच्या एकत्र कामाच्या पहिल्याच दिवशी, तर ४४ टक्के पहिल्याच उड्डाणात झाले होते. वैमानिक अननुभवी होते, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक जण आपापल्या कामात तरबेज असूनही ते एकमेकांना अपरिचित होते. म्हणूनच उड्डाणापूर्वी कॅप्टनने सहकाऱ्यांची ओळख करून घेणे आणि ‘काही खटकले तर मला तत्काळ सांगा’ असे स्पष्ट शब्दांत सांगणे, हा आता कामाचाच भाग मानला जातो.

शस्त्रक्रियागृहातील शांतता

असाच प्रसंग २००५ साली इंग्लंडमध्ये एका शस्त्रक्रियागृहात घडला. मार्टिन ब्रॉमिली या वैमानिकाच्या पत्नीला सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यात आली आणि त्यानंतर तिचा श्वासमार्ग मोकळा ठेवता येईना. अनुभवी डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हापुन्हा करीत राहिले. गळ्यावर छेद देऊन श्वास सुरू करण्याचे साहित्य एका परिचारिकेने आणले व ते तयार असल्याचे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाटेची व्यवस्था केली. काय करावयास हवे हे त्यांना उमगले होते. परंतु त्यांचे म्हणणे पुढे गेले नाही. काही दिवसांनी त्या तरुण मातेचा मृत्यू झाला. ब्रॉमिली यांनी सूडाची भाषा केली नाही. विमानवाहतुकीतील शिकवण रुग्णालयांपर्यंत पोहोचावी म्हणून त्यांनी २००७ मध्ये एक संस्था स्थापन केली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी तपासणी-यादी जाहीर केली. हे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्याच्या उटी गावचे, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. या यादीत १९ बाबी आहेत. रुग्णाला भूल देण्यापूर्वी, त्वचेवर छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी असे तीन थांबे तीत नेमून दिलेले आहेत. त्यांपैकी दुसऱ्या थांब्यावरील पहिलीच बाब अशी आहे : संघातील सर्वांनी आपले नाव व काम सांगितले आहे, याची खात्री करावी.

टोरांटो, नवी दिल्ली, अम्मान, ऑकलंड, मनिला, टांझानियातील इफाकारा, लंडन आणि सिएटल अशा आठ ठिकाणच्या रुग्णालयांत या यादीची चाचणी झाली. त्याचे निष्कर्ष जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यादी वापरू लागण्यापूर्वी मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्के होते, ते ७ टक्क्यांवर आले. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हे सर्व श्रेय एकट्या ओळखीला देणे अर्थातच योग्य ठरणार नाही. योग्य वेळी प्रतिजैविक देणे, रक्ताची सोय पाहणे, साहित्य मोजणे अशा अनेक बाबींचा हा एकत्रित परिणाम होता. तथापि ओळखीचे विशेष कार्य डॉ. गावंडे यांनी आपल्या पुस्तकात उलगडून दाखविले आहे. ज्याला आरंभीच एकदा बोलण्याची संधी मिळते, तो पुढे अडचण दिसल्यावर बोलण्याची शक्यता वाढते. आपला आवाज त्या खोलीत एकदा उमटला की तो दुसऱ्यांदा काढणे सोपे जाते. नाव सांगणे हे त्या पहिल्या बोलण्याचे निमित्त होय.

सिस्टर, मावशी आणि मामा

आपल्याकडे या प्रथेस एक निराळा पदर आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही रुग्णालयात परिचारिका ‘सिस्टर’ असते, आया ‘मावशी’ असते, कक्षसेवक ‘मामा’ किंवा ‘दादा’ असतो, आणि डॉक्टर ‘सर’ किंवा ‘मॅडम’ असतात. या संबोधनांत जिव्हाळा आहे, आदर आहे. ती सोडावीत असे आम्ही कदापि म्हणणार नाही. मात्र निकडीच्या वेळी ‘सिस्टर, लवकर या!’ अशी हाक गेली की एकतर तिघी धावतात, नाहीतर ‘दुसरीला बोलावले असेल’ असे समजून कोणीच येत नाही. नात्याच्या नावाने हाक मारता मारता माणसाचे स्वतःचे नाव मात्र गळून पडते. वीस वर्षे सेवा करणाऱ्या मावशींचे नाव विभागातील कोणालाच ठाऊक नसावे, हे जिव्हाळ्याचे लक्षण खचितच नव्हे.

नाव घेणे ही आपल्या समाजात कधीच साधी गोष्ट नव्हती. पतीचे नाव उखाण्यातूनच घ्यावे, वडीलधाऱ्यांचे नाव उच्चारू नये, असे संस्कार ज्यांच्यावर झाले त्यांना वरिष्ठ डॉक्टरांसमोर स्वतःचे नाव मोठ्याने सांगतानाही संकोच वाटतो. म्हणूनच आम्ही स्पष्ट करतो की, नाव घेणे म्हणजे एकेरीवर येणे नव्हे. नावापुढे डॉक्टर, ताई, दादा, मावशी जोडण्यास कोणतीच आडकाठी नाही. केवळ नाव गळू नये. त्याचबरोबर वरिष्ठांनी कक्षसेवकास ‘अरे’ म्हणू नये, हाही याच शिस्तीचा भाग आहे.

आडनावाविषयीही विचार करावा लागतो. दोन अनोळखी मराठी माणसे भेटली की ‘आडनाव काय? गाव कोणते?’ असे प्रश्न ओघाने येतात आणि त्यामागे पुष्कळदा जात जाणून घेण्याची इच्छा दडलेली असते. ओळखीतून अंतर कमी व्हावे हा हेतू असता अशा प्रश्नांनी ते वाढण्याचाच संभव. यास्तव ओळख करून देताना स्वतःचे नाव आणि आपले काम एवढेच पुरेसे मानले जाते. आडनाव सांगावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

उपक्रमांचे स्वरूप

आता प्रत्यक्ष उपक्रमांकडे वळू. त्यांतील पहिला म्हणजे जोडीने ओळख. निरनिराळ्या कामांतील दोघांची जोडी लावली जाते. उदाहरणार्थ, एक निवासी डॉक्टर आणि एक सफाई कर्मचारी. दोघांनी पाच मिनिटे एकमेकांशी बोलावयाचे आणि नंतर प्रत्येकाने स्वतःची नव्हे, तर जोडीदाराची ओळख सर्वांना करून द्यावयाची. स्वतःविषयी बोलताना वाटणारा संकोच यात उरत नाही, आणि दुसऱ्याचे नीट ऐकून घेतल्यावाचून गत्यंतरही नसते.

दुसऱ्या उपक्रमात न बोलता, केवळ खुणांनी, सेवेच्या वर्षांनुसार रांग लावावयाची असते. पदानुसार उभे राहण्याची ज्यांना सवय असते, त्यांना रांगेच्या अग्रभागी बहुधा एखादी ज्येष्ठ आया किंवा शस्त्रक्रियागृहातील जुना सेवक उभा असलेला दिसतो. अनुभव आणि अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे व्याख्यानाशिवाय सर्वांच्या ध्यानी येते.

तिसरा उपक्रम आम्हांस सर्वाधिक उपयुक्त वाटतो. इतरांना सहसा ठाऊक नसलेली आपल्या कामातील एक गोष्ट प्रत्येकाने सांगावयाची. निर्जंतुकीकरण विभागातील कर्मचारी सांगतात की, वाफेच्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअस तापमानाला साहित्य किमान १५ मिनिटे ठेवावे लागते. यंत्र तापणे, साहित्य सुकणे व निवणे यांचा वेळ निराळाच. त्यामुळे ‘आत्ताच्या आत्ता दुसरा संच द्या’ ही मागणी कधीकधी पुरी करणे अशक्यच असते. रक्तपेढीतील तंत्रज्ञ सांगतात की, रुग्णाच्या रक्ताशी रक्तपिशवी जुळवून पाहण्याच्या पूर्ण चाचणीस साधारण पाऊण ते एक तास लागतो. ही माहिती ज्या डॉक्टरने सहकाऱ्याच्या तोंडून ऐकलेली असते, तो दूरध्वनीवर रागावण्याऐवजी मागणी वेळेआधी नोंदवितो.

चौथा उपक्रम सरावाचा आहे. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाच्या जागी पुतळा ठेवून सराव केला जातो. त्या वेळी सूचना नाव घेऊनच द्यावयाची. ज्याला ती दिली त्याने ती मोठ्याने परत उच्चारावयाची आणि काम झाल्यावर ‘झाले’ असे सांगावयाचे. ‘कोणीतरी इंजेक्शन आणा’ या वाक्यातील ‘कोणीतरी’ हा शब्द संकटसमयी फार घातक ठरतो. परंतु त्या शब्दाच्या जागी नाव घालावयाचे, तर ते आधी ठाऊक असावे लागते. सिडनी येथील भूलतज्ज्ञ डॉ. रॉब हॅकेट यांनी २०१७ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेच्या टोपीवरच नाव आणि काम लिहिण्यास सुरुवात केली. आरंभी त्यांची थट्टा झाली; पुढे अनेक देशांतील सहकाऱ्यांनी त्यांचे अनुकरण केले. मुखपट्टी लावलेली असतानाही वाचता येणारी ही ओळख अल्पखर्चाची आणि उपयुक्त आहे.

या सर्व उपक्रमांना काही पथ्ये आहेत. विवाह, अपत्ये, वेतन, जात, धर्म यांविषयी काहीही विचारावयाचे नाही. गाणे म्हणण्याची वा नाचण्याची सक्ती करावयाची नाही, कारण एकाला गंमत वाटणारी गोष्ट दुसऱ्याला अवमानकारक वाटू शकते. ओळख सांगण्यास आरंभ वरिष्ठांनी करावा. परंतु मत देण्याची वेळ येईल तेव्हा वरिष्ठांनी सर्वांत शेवटी बोलावे. साहेबांचे मत आधी कळले की इतरांची मते त्याच साच्यात उमटतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

केवळ उपचार नको

येथे एक सावधगिरीची बाब सांगणे आवश्यक आहे. कॅनडातील ऑन्टॅरियो प्रांतात १०१ रुग्णालयांना हीच तपासणी-यादी लागू करण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील मृत्यूंच्या व गुंतागुंतीच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. याउलट अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत संघशिक्षणाचा सविस्तर कार्यक्रम राबविण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, ते असे : प्रशिक्षण झालेल्या ७४ रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या वार्षिक मृत्युदरात १८ टक्के, तर प्रशिक्षण न झालेल्या ३४ रुग्णालयांत ७ टक्के घट झाली. या दोन अनुभवांवरून आम्ही एवढाच बोध घेतो की, आदेश काढून रकान्यांत खुणा करवून घेणे सोपे असते. मात्र ज्यांनी त्या करावयाच्या त्यांना त्यांमागील हेतू पटला नसेल, तर कागद पूर्ण होतो आणि काम अपुरे राहते. नाव पुटपुटत सांगणे आणि समोरच्याने मान वर न करता ऐकणे, ही ओळख नव्हे.

विश्वस्तांच्या दृष्टीने आणखी एक निरीक्षण मोलाचे आहे. औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास अमेरिकेतील प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी केला. त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या विभागांत नेतृत्व चांगले आणि परस्परसंबंध मोकळे होते, तेथे चुकांच्या नोंदी कमी नव्हे, तर अधिक आढळल्या. तेथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे. त्या सांगण्याची भीती तेथे कमी होती. एखाद्या विभागातून त्रुटींच्या नोंदी अधिक येऊ लागल्या, तर त्या विभागाला बोल लावण्याची घाई करू नये, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे. ज्या विभागातून वर्षभर एकही नोंद आली नाही, त्याचीच चौकशी आधी करावी.

रुग्ण हाही संघाचा घटक

ओळखीची गरज कर्मचाऱ्यांपुरतीच मर्यादित नाही. इंग्लंडमधील डॉ. केट ग्रेंजर या स्वतः वृद्धांच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर. कर्करोगाने ग्रासलेल्या असताना २०१३ मध्ये त्यांना जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात राहावे लागले. खाटेशी येणारे अनेक जण आपले नाव सांगतच नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी ‘नमस्कार, माझे नाव अमुक’ एवढ्या एका वाक्याने भेटीचा आरंभ करण्याची चळवळ सुरू केली. जुलै २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची ही साधी मागणी मात्र देशोदेशींच्या रुग्णालयांनी स्वीकारली.

रुग्णाच्या आप्तांना एक गोष्ट विशेषत्वाने सांगावीशी वाटते. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाला त्याचे नाव, कोणती शस्त्रक्रिया आहे आणि कोणत्या बाजूची आहे, हे पुन्हापुन्हा विचारले जाते. ‘कालपासून येथेच आहोत, तरी यांना नाव ठाऊक नाही!’ असे वाटून आप्त कधीकधी चिडतात. परंतु हे अज्ञान नव्हे. तपासणी-यादीतील अगदी पहिली बाब हीच आहे की, भूल देण्यापूर्वी रुग्णाने स्वतः आपली ओळख, शस्त्रक्रिया, तिची जागा आणि संमती यांची खात्री द्यावी. शुद्धीवर असेपर्यंत रुग्ण हाही त्या संघाचा घटक असतो, आणि सर्वांच्या आधी आपली ओळख करून देण्याचा मान त्याचा असतो. त्यानंतर तो काही तासांकरिता मौन पाळणार असतो. त्याच्या वतीने बोलण्याचे काम मग इतरांचे.

म्हणून आमची नम्र विनंती अशी : आपले माणूस आमच्याकडे दाखल असेल, तेव्हा त्याची सेवा करणाऱ्या परिचारिकेचे, मावशींचे आणि मामांचे नाव अवश्य विचारावे व त्या नावाने हाक मारावी. नाव विचारले गेल्यावर कंटाळा न करता ते पूर्ण सांगावे. देणगीदार व विश्वस्त यांनी रुग्णालयास भेट देताना विभागप्रमुखांबरोबरच त्या वेळी कामावर असलेल्या प्रत्येकाची ओळख करून घ्यावी. यास खर्च नाही आणि वेळही एखाद्या मिनिटाचाच लागतो. आपल्या औदार्यातून आलेली यंत्रे रुग्णाचा श्वास आणि हृदयाचे ठोके मोजतील. त्यांतील एखादा आकडा चुकीचा वाटल्यास ‘जरा थांबा’ असे म्हणणारे माणूस मात्र आपल्यालाच घडवावे लागते.